कर्जदाराच्या खात्यातला प्रत्येक रुपया : ग्राहक संरक्षणाच्या कडक नियमांसाठी एनबीएफसी तयार करताना

रिझर्व्ह बँकेचं नवं परिपत्रक आलं की बहुतेक वित्तसंस्थांमध्ये ठरलेला क्रम सुरू होतो. कम्प्लायन्स विभाग सारांश काढतो, धोरणात दोन परिच्छेद वाढतात, संचालक मंडळ ते मंजूर करतं आणि परिपत्रकासमोर ‘पूर्तता झाली’ अशी नोंद पडते. कर्जाचं सॉफ्टवेअर मात्र काल जे शुल्क लावत होतं तेच आजही लावत असतं. दुचाकी-तीनचाकी, जुने ट्रॅक्टर आणि घर-दुकानाच्या तारणावर कर्ज देणाऱ्या मध्यम आकाराच्या बँकेतर वित्तसंस्था, म्हणजे एनबीएफसी, यांना २०२३ पासूनच्या नियमांसाठी तयार करण्याचं काम आम्ही करतो. त्यातून आमचं एक मत पक्कं झालं आहे. तयारीची सुरुवात धोरणापासून नव्हे, कर्जखात्यापासून करावी. कर्जदाराच्या नावे पडलेला प्रत्येक रुपया कशापोटी पडला आणि तो पडणार हे त्याला आधी, त्याला समजणाऱ्या भाषेत सांगितलं होतं का, एवढं कागदासह दाखवता आलं पाहिजे.

नियम बरेच आहेत, पण कामाच्या दृष्टीने पाच-सहाच महत्त्वाचे. १८ ऑगस्ट २०२३ चं दंडशुल्काचं परिपत्रक, १३ सप्टेंबर २०२३ चं मालमत्तेची कागदपत्रं परत देण्याबद्दलचं, २६ ऑक्टोबर २०२३ चं क्रेडिट ब्यूरोच्या, म्हणजे कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या कंपन्यांच्या, तक्रारींवरील भरपाईचं, १५ एप्रिल २०२४ चं ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’चं (कर्जाच्या मुख्य अटी आणि खर्च सांगणाऱ्या पत्रकाचं), २९ एप्रिल २०२४ चं व्याज कधीपासून आकारायचं याबद्दलचं आणि २ जुलै २०२५ चे मुदतपूर्व परतफेडीच्या शुल्काचे निर्देश. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने हजारो जुनी परिपत्रकं २४४ मास्टर डायरेक्शनमध्ये, म्हणजे विषयवार एकत्रित निर्देशांमध्ये, आणली. त्यामुळे धोरणांत, करारांत आणि ग्राहकाला जाणाऱ्या पत्रांत जिथे जिथे जुन्या परिपत्रकाचा क्रमांक छापला आहे तिथे तो बदलावा लागतो. किचकट काम आहे, पण एका कारकुनाने एका तक्त्यावर बसून उरकण्यासारखं. खरा वेळ जातो तो पुढच्या कामांत.

पहिलं काम म्हणजे खाती निवडणं. संगणकाने यादृच्छिक काढलेली शंभर खाती फारसं काही सांगत नाहीत, कारण त्यातली बहुतेक वेळेवर हप्ते भरणाऱ्यांची असतात. दोष सापडतात ते वाकड्या वाटेने गेलेल्या खात्यांत. म्हणून प्रत्येक कर्जप्रकारातून मुद्दाम अशी खाती घ्यावीत: लागोपाठ तीन हप्ते बाउन्स झालेलं, मुदतीआधी बंद केलेलं, वाहन ताब्यात घेऊन विकलेलं, कर्जदार वारलेलं, हप्त्याची तारीख मध्येच बदललेलं, डीलरमार्फत आलेलं, दलालामार्फत आलेलं आणि एक रोखीने हप्ते भरणारं. प्रत्येकी चार-पाच पुरेत. मग प्रत्येक खात्याची फाइल उघडून मंजुरीपत्र, करार, वितरणाचा पुरावा, खातेउतारा, पाठवलेले एसएमएस, नॅच मँडेट (बँक खात्यातून हप्ता आपोआप वळता करण्याची परवानगी) आणि वसुलीच्या नोंदी एकासमोर एक ठेवायच्या. खातेउताऱ्यातल्या प्रत्येक ओळीला बाकीच्या कागदांत आधार शोधायचा. एका खात्याला जाणकार माणसाचा अर्धा दिवस जातो. हे काम घाईने करू नये आणि बाहेरच्या नवख्या मुलांवर सोपवू नये. हिशेब विभागातला एक, कर्जवितरण विभागातला एक आणि शाखेत बसलेला एक अशी तिघं एकत्र बसली तरच प्रश्नांची उत्तरं जागेवर मिळतात.

त्याबरोबर शुल्कांच्या चार याद्या काढाव्यात. एक सॉफ्टवेअरमधल्या चार्ज कोडची, म्हणजे प्रत्येक शुल्काला दिलेल्या संकेतांची, दुसरी ताळेबंदातल्या उत्पन्नाच्या खात्यांची, तिसरी संकेतस्थळावर आणि शाखेत लावलेल्या दरपत्रकाची, चौथी करारातल्या परिशिष्टाची. या चारही जुळलेल्या आम्हाला एकाही संस्थेत आढळल्या नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये हमखास असे कोड सापडतात जे दरपत्रकात नाहीत: वसुली भेटीचं शुल्क, हप्त्याची पद्धत बदलण्याचं शुल्क, खातेउताऱ्याची दुसरी प्रत, ‘इतर’. हा ‘इतर’ नावाचा कोड सगळ्यांत आधी बंद करावा. शाखेतून हाताने रक्कम टाकून शुल्क लावण्याची सोय जोवर उघडी आहे तोवर बाकीच्या दुरुस्त्यांना अर्थ नाही. केएफएसमध्ये, म्हणजे की फॅक्ट्स स्टेटमेंटमध्ये, न दाखवलेलं शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय कर्जाच्या मुदतीत कधीही लावता येत नाही. हे बंधन पाळायचं तर प्रत्येक खात्याला त्याच्या केएफएसमधली शुल्कयादी जोडलेली हवी आणि यादीबाहेरचं शुल्क प्रणालीने स्वतःच नाकारायला हवं. शाखांना परिपत्रक काढून ‘लावू नये’ असं सांगणं पुरत नाही. महिनाअखेरच्या ताणात ते विसरलं जातं.

आता दंडशुल्क. इथे सगळ्यांत जास्त चुका आहेत, म्हणून थोडं सविस्तर. नियम असा की हप्ता थकल्यास दंड ‘दंडशुल्क’ म्हणून घ्यावा, व्याजदरात भर घालून ‘दंडव्याज’ म्हणून नव्हे. त्याचं भांडवलीकरण करायचं नाही, म्हणजे त्या शुल्कावर पुढे व्याज चढवायचं नाही. दंडाची रक्कम झालेल्या चुकीच्या मानाने वाजवी असावी, एकाच कर्जप्रकारात कर्जदारा-कर्जदारात भेद नसावा आणि व्यवसायाव्यतिरिक्त कारणासाठी कर्ज घेतलेल्या व्यक्तीला तशाच चुकीसाठी कंपन्या-संस्थांपेक्षा जास्त दंड नसावा. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं आणि जुन्या कर्जांना पुढच्या नूतनीकरणाला किंवा ३० जून २०२४ पर्यंत, यांपैकी जे आधी येईल तेव्हा.

बहुतेकांनी काय केलं, तर सॉफ्टवेअरमध्ये ‘पीनल इंटरेस्ट’च्या जागी ‘पीनल चार्ज’ असं नाव टाकलं. गणित तेच राहिलं. काय होतं ते आकड्यांत पाहू. एक लाखाचं कर्ज, २४ महिने, घटत्या शिल्लकेवर १८ टक्के. हप्ता येतो ४,९९२ रुपये. थकलेल्या हप्त्यावर वर्षाला २४ टक्के दराने दंडशुल्क धरलं तर दिवसाला सुमारे ३ रुपये २८ पैसे आणि ३० दिवसांचे ९८ रुपये. कर्जदार तिसाव्या दिवशी शाखेत येऊन पूर्ण ४,९९२ भरतो. पण सॉफ्टवेअरमध्ये जमा रक्कम वळती करण्याचा क्रम ‘आधी शुल्क, मग व्याज, मग मुद्दल’ असा ठेवलेला असेल, तर त्यातले ९८ आधी दंडात जातात आणि हप्त्यात ९८ रुपये कमी पडतात. दुसऱ्या दिवसापासून त्या ९८ वर पुन्हा दंड सुरू होतो. कागदावर भांडवलीकरण नाही, परिणाम तोच. त्याहून वाईट म्हणजे थकबाकीचे दिवस सगळ्यांत जुन्या अपुऱ्या हप्त्याच्या तारखेपासून मोजले जातात. पूर्ण हप्ता भरलेला माणूस ३० दिवस ओलांडून एसएमए-१ मध्ये, म्हणजे थकबाकीवर नजर ठेवायच्या खात्यांच्या वर्गात, जातो, क्रेडिट ब्यूरोला तसंच कळवलं जातं, आणि प्रत्येक महिन्याला थोडं थोडं अपुरं पडत गेलं तर तो ९० दिवसांची, म्हणजे कर्ज अनुत्पादित (एनपीए) ठरण्याची, रेषाही ओलांडू शकतो. पुढे तोच माणूस घरासाठी बँकेत जातो तेव्हा हे ९८ रुपये त्याच्या आड येतात.

उपाय सरळ आहे: वळतं करण्याचा क्रम बदलून आधी व्याज, मग मुद्दल, शेवटी शुल्क असा ठेवावा, आणि शुल्काची बाकी थकबाकीच्या दिवसांच्या मोजणीत धरू नये. पण हा बदल चालू खात्यांवर करताना फार सांभाळावं लागतं. काही सॉफ्टवेअरमध्ये क्रम बदलला की जुन्या पावत्याही पुन्हा वळत्या होतात आणि गेल्या वर्षीच्या नोंदी हलतात. म्हणून बदलाची तारीख निश्चित करून त्यापुढच्या जमांनाच नवा क्रम लागू करावा आणि मागचा हिशेब वेगळ्या तक्त्यात करून फरक परत द्यावा. दंडशुल्क संस्थेने उत्पन्न वाढवण्याचं साधन म्हणून वापरू नये असं परिपत्रकात स्पष्ट लिहिलेलं आहे. तेव्हा व्यवसाय विभागाच्या वार्षिक उद्दिष्टांत दंडशुल्काची वसुली कुठे दिसते का, हेही पाहावं. दिसली तर ती ओळ काढायला लावावी.

जीएसटीचा एक धागा इथेच आहे. दंडव्याजाचं दंडशुल्क झाल्यावर अनेक ठिकाणी प्रणालीने त्यावर आपोआप १८ टक्के जीएसटी लावायला सुरुवात केली, कारण ‘शुल्क’ या वर्गातल्या प्रत्येक कोडला कर जोडलेला होता. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत येणाऱ्या संस्थांनी घेतलेल्या दंडशुल्कावर जीएसटी नाही, असा खुलासा जानेवारी २०२५ मध्ये झाला. आधी घेतलेल्या कराचं काय करायचं हे करसल्लागाराबरोबर बसून ठरवावं, पण कोड आजच सुधारावा.

व्याज कोणत्या दिवसापासून? २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने तपासणीत आढळलेल्या गोष्टी सांगितल्या: मंजुरीच्या किंवा करारावर सह्या झाल्याच्या दिवसापासून व्याज, चेकवरच्या तारखेपासून व्याज पण चेक हातात कित्येक दिवसांनी, महिन्याच्या मध्ये कर्ज दिलं वा फेडलं तरी पूर्ण महिन्याचं व्याज, आणि एक-दोन हप्ते आगाऊ घेऊनही व्याज मात्र संपूर्ण रकमेवर. वाहन कर्जात याचं एक खास रूप असतं. डीलरला आधी डिलिव्हरी ऑर्डर जाते, गाडी ग्राहकाला मिळते आणि पैसे आठवड्यातून दोनदा सगळ्या फाइलींचे एकत्र डीलरच्या खात्यात जातात. प्रणालीत मात्र कर्ज ‘वितरित’ झाल्याची तारीख डिलिव्हरी ऑर्डरची पडते. एक लाखावर १८ टक्क्यांनी सहा दिवसांचा फरक २९६ रुपयांचा होतो. एका कर्जदाराला हे लक्षातही येत नाही, पण महिन्याला हजारो गाड्यांचं वितरण करणाऱ्या संस्थेत ही रक्कम मोठी होते. तपासणी करायची तर बँक खातेउताऱ्यातली यूटीआर क्रमांकाची (प्रत्येक बँक हस्तांतरणाला पडणाऱ्या क्रमांकाची) तारीख आणि कर्ज प्रणालीतली व्याजारंभाची तारीख एकासमोर एक लावावी. हे पूर्णपणे संगणकाने होतं, नमुना घेण्याची गरज नाही, सगळीच खाती तपासावीत. पुढचा उपाय म्हणजे व्याजारंभाची तारीख हाताने टाकण्याची सोय बंद करून ती बँकेच्या पेमेंट फाइलमधून थेट घ्यावी.

केएफएस १ ऑक्टोबर २०२४ पासून सर्व नव्या किरकोळ आणि एमएसएमई मुदत कर्जांना बंधनकारक झालं, जुन्या ग्राहकाला दिलेल्या नव्या कर्जालाही. ठरलेल्या नमुन्यात व्याज, शुल्कं, एपीआर म्हणजे वार्षिक टक्केवारीतला एकूण खर्च, एपीआरचा हिशेब आणि हप्त्यांचं वेळापत्रक द्यायचं. प्रत्येक केएफएसला प्रस्तावाचा स्वतंत्र क्रमांक हवा. मजकूर कर्जदाराला समजावून सांगायचा आणि समजल्याची पोच घ्यायची. हेच केएफएस करारातही सारांशचौकट म्हणून जातं.

एपीआर चुकतो तो बहुतेक वेळा विम्याच्या हप्त्यामुळे. वरचंच एक लाखाचं कर्ज घेऊ. प्रक्रिया शुल्क २ टक्के आणि त्यावर जीएसटी मिळून २,३६०, कर्जदाराच्या जीवनविम्याचा हप्ता १,५००. हातात आले ९६,१४०. हप्ता ४,९९२ च. या आकड्यांवर एपीआर निघतो सुमारे २२.१ टक्के, व्याजदर १८ असला तरी. काही संस्था विम्याचा हप्ता ‘आमचं उत्पन्न नाही’ म्हणून गाळतात. पण त्रयस्थ संस्थेसाठी कर्जदाराकडून प्रत्यक्ष खर्चाने घेतलेली रक्कमही एपीआरमध्ये धरायची आणि वेगळी दाखवायची असाच नियम आहे. दुसरी चूक सूक्ष्म आहे: कर्जाची गरज ९८,५०० ची, त्यात विम्याचे १,५०० मिळवून कर्ज एक लाखाचं केलं, आणि प्रणाली पूर्ण एक लाख कर्जदाराला मिळाले असं धरून एपीआर काढते. यासाठी सॉफ्टवेअर कंपनीच्या गणितावर विसंबू नये. प्रत्येक कर्जप्रकाराच्या पंचवीस-तीस खऱ्या प्रकरणांचा एपीआर एक्सेलमध्ये आयआरआर (प्रत्यक्ष रोख देवाणघेवाणीवरून निघणारा परताव्याचा दर) काढून स्वतंत्रपणे ताडावा. पहिला हप्ता बरोबर एका महिन्याने नसून ४० दिवसांनी पडतो अशी प्रकरणं त्यात जरूर घ्यावीत, तिथे फरक निघतो. दंडशुल्क, चेक परतल्याचं शुल्क यांसारखी घडलीच तर लागणारी शुल्कं एपीआरमध्ये येत नाहीत, पण केएफएसमध्ये दिसायलाच हवीत.

डीलरच्या काउंटरवर आजही ‘फ्लॅट’ दराने, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवरच व्याज धरून, बोलणी होतात. १२ टक्के फ्लॅट म्हटलं की ग्राहकाला स्वस्त वाटतं, कारण बँकेचा १४ टक्क्यांचा दर त्याने ऐकलेला असतो. एक लाख, २४ महिने, १२ टक्के फ्लॅट म्हणजे हप्ता ५,१६७ आणि घटत्या शिल्लकेवरचा खरा दर सुमारे २१.६ टक्के. त्यावर शुल्कं धरली की एपीआर आणखी वर. केएफएस हातात पडल्यावर ग्राहक विचारतो, ‘तुम्ही बारा म्हणाला होता, इथे पंचवीस का?’ या प्रश्नाचं उत्तर सेल्सच्या मुलाला देता आलं पाहिजे, आणि प्रशिक्षणाचा निम्मा वेळ याच एका प्रश्नावर घालवावा असं आम्हाला वाटतं. त्याहून बरं म्हणजे फ्लॅट दराची छापील पत्रकं काउंटरवरून उचलून नेणं. डीलर कुरकुर करतात, शेजारच्या टेबलावरची संस्था फ्लॅटच सांगते म्हणतात. तरीही न्यावीत.

केएफएसच्या वैधतेबद्दल सर्रास गैरसमज आहे. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जासाठी ही वैधता किमान तीन कामाचे दिवस आहे. अनेकांनी त्याचा अर्थ ‘तीन दिवस कर्ज देता येत नाही’ असा लावला आणि मग ते टाळण्यासाठी केएफएसवर मागची तारीख टाकली. तसं करण्याचं काहीच कारण नाही. हे तीन दिवस कर्जदाराला विचार करायला मिळणारा अवधी आहे, तेवढ्या काळात त्याने होकार दिला तर त्यातल्या अटींना संस्था बांधील राहते. त्याने त्याच दिवशी होकार दिला तर गाडी त्याच दिवशी देता येते. मागची तारीख टाकलेलं केएफएस मात्र प्रणालीतल्या वेळनोंदीवरून लगेच उघडं पडतं. रक्कम किंवा मुदत बदलली की नवं केएफएस निघायला हवं. जुन्याच क्रमांकावर दुरुस्ती करू देणारी सोय असेल तर ती बंद करावी.

भाषेचा प्रश्न महाराष्ट्रात वाटतो तितका सोपा नाही. शाखा महाराष्ट्रात म्हणून सगळ्यांना मराठी केएफएस, असं प्रणालीत ठरवून टाकतात. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड बोलणारे, भिवंडी-मालेगावात उर्दू, कोल्हापूरच्या सीमेवर कन्नड, नागपूर-गोंदियाकडे हिंदी वाचणारे कर्जदार असतात. अर्ज भरतानाच ‘तुम्हाला कोणती भाषा वाचता येते’ असा रकाना हवा आणि तो आधीपासून भरलेला नसावा, कारण भरलेला रकाना कोणी बदलत नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांना केएफएस वाचून दाखवावं आणि वाचून दाखवणाऱ्याचं नाव, साक्षीदार आणि वेळ नोंदवावी. छोटीशी चित्रफीत ठेवली तर वाद झाल्यावर उपयोगी पडते. तांत्रिक अडचण वेगळीच येते. पीडीएफ बनवणाऱ्या जुन्या सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट नीट बसवलेला नसतो, जोडाक्षरं सुटतात, वेलांट्या चुकीच्या जागी जातात आणि ‘प्रक्रिया शुल्क’ वाचताच येत नाही. स्क्रीनवर बरोबर दिसतं, छापल्यावर बिघडतं. म्हणून शाखेतल्या खऱ्या प्रिंटरवर प्रत्येक भाषेची एक प्रत काढून, ती भाषा वाचणाऱ्या माणसाकडून ओळ न् ओळ वाचून घेतल्याशिवाय मंजुरी देऊ नये.

कर्ज फिटल्यानंतरचा भाग संस्थांच्या लेखी संपलेला असतो, कर्जदाराच्या लेखी तोच सगळ्यांत महत्त्वाचा. १ डिसेंबर २०२३ पासून नियम असा: पूर्ण परतफेड झाल्यापासून ३० दिवसांत सगळी मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि नोंदवलेला बोजा उतरवायचा. संस्थेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये कर्जदाराला द्यायचे. बारा दिवस उशीर म्हणजे ६०,००० रुपये. एखाद्या छोट्या तारण कर्जावर वर्षभरात मिळणारं व्याज एवढ्यात जातं. कागदपत्रं हरवली तर दुसऱ्या प्रती काढून देण्याचा खर्च संस्थेचा, आणि त्यासाठी आणखी ३० दिवस मिळतात.

उशीर कुठे होतो? मूळ कागद बहुधा शाखेत नसतात, मुंबईबाहेरच्या एखाद्या मध्यवर्ती गोदामात असतात. मागणी जाते, खोकं शोधलं जातं, कुरिअरने शाखेत येतं, त्यात पंधरवडा सहज जातो. त्याआधी खातं प्रणालीत ‘बंद’ झालेलं नसतं, कारण चाळीस-पन्नास रुपयांची बाकी राहून गेलेली असते आणि तिच्यामुळे बंद करण्याची प्रक्रियाच सुरू होत नाही. कर्जदाराला वाटतं सगळं फिटलं, प्रणालीला वाटतं नाही. म्हणून एका ठरावीक किरकोळ रकमेपर्यंतची बाकी आपोआप माफ व्हावी, ती रक्कम संचालक मंडळाने मंजूर केलेली असावी. शेवटच्या हप्त्याच्या ६० दिवस आधी कागद गोदामातून मागवावेत. मुदतपूर्व परतफेडीची चौकशी आली, म्हणजे फोरक्लोजर पत्र निघालं, की त्याच दिवशी मागणी जावी. कागद कोणत्या शाखेतून घ्यायचे हे ठरवण्याचा अधिकार कर्जदाराचा आहे, तो प्रश्न त्याला एसएमएसने विचारावा आणि उत्तर जपून ठेवावं.

बोजा उतरवण्याचे मार्ग तारणाप्रमाणे वेगळे आहेत आणि चेकलिस्टमध्ये ते वेगळेच हवेत. वाहनासाठी आरटीओत द्यायचा फॉर्म ३५ आणि नाहरकत दाखला. घर-दुकानासाठी सेरसाईवरची, म्हणजे तारणांच्या केंद्रीय नोंदणीतली, नोंद बंद करणं. शेतजमिनीचा सातबारा असेल तर इतर हक्कातला बोजा कमी करायचा फेरफार, त्यासाठी बेबाकी दाखला आणि ई-हक्क प्रणालीवरचा अर्ज. शहरात मालमत्ता पत्रक. सेरसाईवर उतरवलं आणि सातबारा तसाच राहिला अशी प्रकरणं सर्वाधिक असतात, कारण पहिलं काम मुख्यालयाचं आणि दुसरं कोणाचंच नसतं. ते कोणाचं हे नाव घालून ठरवावं. कर्जदार वारला असेल तर वारसांना कागद कसे मिळतील याची पद्धत संकेतस्थळावर असणं बंधनकारक आहे. ती शाखेतही मराठीत लावावी, वारस बहुतेकदा शाखेतच येतात.

तक्रारींकडे वळू. संस्था सांगते की महिन्याला अगदी मोजक्या तक्रारी येतात. शाखाव्यवस्थापकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, वसुली अधिकाऱ्याच्या फोनवर आणि डीलरच्या काउंटरवर येणाऱ्या तक्रारी त्यात नसतात. आमचा आग्रह असतो की नाराजी कोणत्याही मार्गाने आली तरी तिला तक्रार क्रमांक पडावा आणि तारखेचं घड्याळ सुरू व्हावं. तीस दिवसांत उत्तर मिळालं नाही किंवा मिळालेलं पटलं नाही तर ग्राहक रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ शकतो, १४४४८ हा टोल-फ्री क्रमांक शाखेत ठळक लावलेला हवा. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ज्या संस्थांना अंतर्गत लोकपाल, म्हणजे नाकारलेल्या तक्रारी पुन्हा तपासणारा अधिकारी, नेमावा लागतो (ठेवी न घेणाऱ्या एनबीएफसींत ५,००० कोटी आणि त्यावरच्या मालमत्तेच्या, ज्यांचा ग्राहकांशी थेट संबंध येतो), तिथे पूर्ण किंवा अंशतः नाकारलेली तक्रार २० दिवसांत आपोआप त्या अंतर्गत लोकपालाकडे गेली पाहिजे. हे चुकवण्यासाठी तक्रारी ‘चौकशी’ या वर्गात टाकल्या जातात. दर महिन्याला ‘चौकशी’तल्या पन्नास नोंदी वाचल्या की खरं चित्र कळतं.

क्रेडिट ब्यूरोच्या तक्रारीचं घड्याळ आणखी घट्ट आहे. एकूण ३० दिवस, त्यातले कर्ज देणाऱ्या संस्थेला सुधारित माहिती पाठवायला २१. उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. माहिती १ जानेवारी २०२५ पासून किमान पंधरवड्याला एकदा पाठवायची असल्याने दुरुस्ती लवकर पोचते, पण एक धोका आहे: हाताने सुधारलेली नोंद पुढच्या फाइलने पुन्हा चुकीची होते, कारण मूळ प्रणालीत चूक तशीच असते. दुरुस्ती मुळातच करावी आणि पुढच्या दोन फाइलींत ती टिकली का ते पाहावं.

वसुलीत सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन नाही, हा नियम ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकापासून स्पष्ट आहे. सूक्ष्मवित्त कर्जांना तर नऊ ते सहा. कॉल सेंटरच्या डायलरला, म्हणजे आपोआप फोन लावणाऱ्या यंत्रणेला, ही वेळ बसवणं सोपं. अवघड आहेत ते वसुली एजन्सीच्या मुलांचे स्वतःचे मोबाइल. संस्थेच्या अ‍ॅपमधूनच फोन लागावा आणि कर्जदाराचा क्रमांक मुलाला दिसूच नये अशी व्यवस्था केल्याशिवाय हे आवरत नाही. नातेवाईक, शेजारी आणि संदर्भासाठी दिलेले क्रमांक वसुलीच्या यादीतून काढून टाकावेत. गाडी ओढून नेण्याआधीची नोटीस, ताबा घेताना गाडीतल्या वस्तूंची यादी, विक्रीआधी पैसे भरायची शेवटची संधी, हे सगळं करारात लिहिलेलं आणि फाइलमध्ये सापडणारं हवं. एजन्सीचं बिल मात्र बहुतेक ठिकाणी केवळ वसूल रकमेवर ठरतं. प्रत्येक सिद्ध झालेल्या तक्रारीमागे बिलातून कपात केली की वागणं बदलतं, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

मुदतपूर्व परतफेडीचे नवे निर्देश १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना आहेत. बदलत्या व्याजदराच्या कर्जांत, व्यवसायाव्यतिरिक्त कारणासाठी घेतलेल्या व्यक्तींकडून काहीच शुल्क नाही. व्यक्ती आणि सूक्ष्म-लघु उद्योगांच्या बदलत्या दराच्याच व्यवसाय कर्जांत मिडल लेयरच्या (रिझर्व्ह बँकेच्या वर्गवारीतल्या मधल्या थराच्या) एनबीएफसीला ५० लाखांच्या मंजूर मर्यादेपर्यंत शुल्क घेता येत नाही. पैसे कुठून आणले हे विचारून शुल्क लावणंही बंद. प्रणालीत त्यासाठी कर्जाचा हेतू आणि उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची सरकारी नोंदणी) हे दोन रकाने नीट भरलेले हवेत, आणि नेमके तेच जुन्या फाइलींत रिकामे असतात. ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतचं कर्ज १ जानेवारी २०२६ किंवा त्यानंतर नूतनीकरणाला आलं की ते नव्या नियमात येतं, ही अट चाचणीत वेगळी घालावी.

उरतं परत देण्याचं काम. जास्त घेतलेलं व्याज, दंडावरचा दंड, यादीबाहेरची शुल्कं यांचा हिशेब चालू आणि बंद अशा सगळ्या खात्यांचा करावा, फक्त तक्रार केलेल्यांचा नव्हे. चालू कर्जखात्यात थकबाकी असली तरी परतीची रक्कम गुपचूप तिच्यात वळती करू नये, कर्जदाराला कळवून करावी. बंद खात्यांत मँडेटवरच्या बँक खात्यावर आधी एक रुपया पाठवून नाव जुळतं का पाहावं, मग पूर्ण रक्कम. त्यातली बरीच बँक खातीही बंद झालेली असतात. अशांना नोंदल्या पत्त्यावर मराठीत किंवा त्यांच्या भाषेत पत्र जावं: किती रुपये, कशाचे, कोणत्या काळातले, कुठे संपर्क करायचा. न पोचलेली रक्कम उत्पन्नात घेऊ नये, देणं म्हणून स्वतंत्र खात्यात ठेवावी आणि शाखानिहाय यादी व्यवस्थापकाकडे असावी. तोच कर्जदार किंवा त्याचा वारस दुसऱ्या कामासाठी शाखेत आला की पडद्यावर ती बाकी दिसली पाहिजे, एवढी सूचना प्रणालीत घालायला सॉफ्टवेअरवाल्यांना फार वेळ लागत नाही. मागावी मात्र लागते.